जिन्यावर धाप, पाठीत दुखणं आणि 'नॉर्मल' ईसीजी: बायकांचा हार्ट अटॅक कसा ओळखायचा

प्रश्न भांडुपच्या एका मुलीचा आहे. आई ५६ वर्षांची, आठ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. दोन आठवड्यांपासून दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं: धाप लागते, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये जड वाटतं, जबडा ओढल्यासारखा होतो, थोडं थांबलं की बरं वाटतं. रात्री झोप नीट नाही. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, ॲसिडिटीची गोळी मिळाली. बायकांना हार्ट अटॅक वेगळाच येतो म्हणतात, ते खरं का, आणि आता काय करायचं?

आधी तुमच्या आईंबद्दल, बाकीचं नंतर. पित्ताचा त्रास जेवणाशी, उपाशी राहण्याशी, आडवं पडण्याशी बांधलेला असतो. तो जिन्याच्या पायऱ्या मोजत नाही. श्रमाने येणारं आणि विसाव्याने जाणारं दुखणं, दाब किंवा धाप, मग ती छातीत असो, पाठीत असो की जबड्यात, हृदयाचीच धरायची. तसं नाही हे तपासण्यांतून कळेपर्यंत. हा त्रास दोनच आठवड्यांचा आहे आणि सोबत मधुमेह आहे, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना आजच दाखवा. ओपीडीची वेळ टळली असेल तर कॅज्युअल्टीत जा. तोवर जिने, बाजारहाट, पाण्याची बादली, गादी उचलणं, सगळं बंद. बसल्या जागी किंवा झोपेत असाच त्रास झाला आणि पाच मिनिटांत गेला नाही, तर डॉक्टर शोधत बसू नका, १०८ लावा.

आता तो नॉर्मल ईसीजी. साधा ईसीजी म्हणजे हृदयाच्या साधारण दहा सेकंदांची नोंद. आई आरामात झोपलेल्या असताना, दुखत नसताना ती काढली असेल, तर रक्तवाहिनी बरीच अरुंद असूनही ती नॉर्मल येऊ शकते. प्रत्यक्ष अटॅक चालू असतानाही पहिला ईसीजी कधी कधी नॉर्मल असतो. म्हणूनच दुखणं चालू असेल तर तो १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने पुन्हा काढायचा असतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये (ईसीजीच्या बारा कोनांतल्या नोंदींत) नीट दिसत नाही, त्यासाठी पाठीवर जास्तीचे लीड लावावे लागतात. एक नॉर्मल ईसीजी हातात घेऊन घरी निर्धास्त बसणं हीच या सगळ्यातली सगळ्यात महागडी चूक.

बायकांच्या ईसीजीत आणखी एक गोष्ट बिघडते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. छातीवरचे सहा इलेक्ट्रोड ठरलेल्या जागी लागले तरच नोंद बरोबर येते. पहिले दोन चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना. चौथा पाचव्या फटीत, म्हणजे बहुतेक बायकांमध्ये डाव्या स्तनाच्या खाली. संकोचापोटी ब्लाउज नुसता वर सरकवून, ब्रा तशीच ठेवून घाईत ईसीजी काढला की हे इलेक्ट्रोड एक-दोन फटी वर किंवा खाली लागतात. मग नसलेला जुना अटॅक दिसतो, किंवा असलेला बदल झाकला जातो. बाई तंत्रज्ञ किंवा नर्स मागा, पडदा मागा, अंगावर चादर मागा, आणि ब्लाउज काढून नीट ईसीजी काढू द्या. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तशी मागणी केल्याबद्दल कुणी वाईट वाटून घेऊ नये.

दुसरी तपासणी ट्रोपोनिनची. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात येतं, पण त्याला वेळ लागतो. दुखायला लागून तासभरच झाला असेल तर पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, म्हणून हाय-सेन्सिटिव्हिटी तपासणी एक ते तीन तासांनी पुन्हा करायची आणि आकडा चढतोय का ते बघायचं. बायकांसाठीची मर्यादा पुरुषांपेक्षा खाली असते. एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या ट्रोपोनिन-आय तपासणीत पुरुषांसाठी ती लिटरमागे ३४ नॅनोग्रॅम आहे आणि बायकांसाठी १६. दोघांना एकच आकडा लावला तर बाईचा लहान अटॅक 'नॉर्मल'मध्ये गणला जातो. रिपोर्टवर बायकांची मर्यादा वेगळी छापली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

आणि कुणी लगेच ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढायचं म्हटलं तर आधी हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्या. त्रास वाढत चाललेला असताना किंवा बसल्या जागी होत असताना ट्रेडमिल धोक्याची आहे. एरवीही बायकांमध्ये ती पुरुषांइतकी भरवशाची नाही, खोटी पॉझिटिव्ह बरीच येते. त्रास स्थिर असेल तर स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) अधिक उपयोगी. तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र ईसीजी, ट्रोपोनिन, इको आणि त्यानंतर बहुधा थेट अँजिओग्राफी (नळी घालून रक्तवाहिन्यांचं चित्र काढणं), अशी वाट दिसते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बायकांना छातीत दुखतच नाही, असं जे पसरलंय ते चूक आहे. बायकांमध्येही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण छातीचंच असतं. फरक वर्णनात असतो आणि सोबतच्या लक्षणांत. 'दुखतंय का?' विचारलं तर अनेक जणी 'नाही' म्हणतात, कारण त्यांना दुखत नसतं. दडपण असतं, आवळल्यासारखं असतं, भरून आल्यासारखं, जळजळल्यासारखं असतं. म्हणून विचारताना 'छातीत काही वेगळं वाटतंय का?' असं विचारा. त्याच्या जोडीला धाप, मळमळ किंवा उलटी, दरदरून थंड घाम, जबडा, मान, दोन्ही खांदे, पाठ किंवा बेंबीच्या वरच्या पोटात दुखणं, चक्कर, हातापायांतलं बळ गेल्यासारखं होणं, 'काहीतरी होतंय' अशी घाबरट अवस्था: ही सोबतची लक्षणं बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. मधुमेहात नसा बोथट झालेल्या असतात, तिथे दुखणं जवळपास नसतंच आणि नुसती धाप किंवा घाम एवढंच हाती लागतं. म्हाताऱ्या बाईंमध्ये कधी फक्त अचानक गळून जाणं.

आधीच्या दिवसांकडेही लक्ष द्या. अटॅकच्या आधी काही दिवस ते काही आठवडे बऱ्याच बायकांना न समजणारा थकवा येतो, झोप बिघडते, अपचनासारखं वाटतं. इथे एकच प्रश्न कामाचा: गेल्या महिन्यात सहज होणारं कोणतं काम आता होत नाही? अंथरूण घालताना बसावं लागतंय, केस धुताना दम लागतोय, स्टेशनचा पूल चढताना मध्ये कठड्याला धरून उभं राहावं लागतंय. 'दगदग झाली', 'वय झालं', 'गॅस धरलाय' ही तिन्ही उत्तरं घरात तयार असतात, आणि बहुतेकदा ती देणारी बाई स्वतःच असते. घरातल्या पुरुषाला घाम फुटला की त्याला लगेच रिक्षात बसवणारी तीच बाई स्वतःला मात्र ओवा आणि इनो घेऊन स्वयंपाकाला लागते. उशीर तिथे होतो.

आत नेमकं काय होतं, तेही समजून घ्यावं, कारण उपचार त्यावर ठरतात. नेहमीच्या अटॅकमध्ये रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी बसते. तरुण बायकांमध्ये, त्यातही तंबाखू घेणाऱ्यांत, तो थर न फुटता वरचा पापुद्रा झिजून गुठळी होण्याचं प्रमाण जास्त आहे. दुसरा प्रकार स्कॅडचा: रक्तवाहिनीच्या भिंतीचे पदर आपोआप सुटतात आणि मध्ये रक्त शिरून वाट बंद होते. हे रुग्ण मोठ्या प्रमाणात बायकाच असतात, बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या, कोलेस्टेरॉल आणि साखर चांगली असलेल्याही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत येणाऱ्या अटॅकचं हे एक मोठं कारण. रक्तप्रवाह टिकून असेल तर स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) न टाकता वाट बघणं बरेचदा योग्य, कारण बहुतेक वेळा ती भिंत आपणहून भरून येते आणि स्टेंट सरकवताना फाट वाढू शकते. म्हणून ओली बाळंतीण छातीत दुखतंय म्हणाली तर 'बाधा झाली' म्हणून दृष्ट काढत बसू नका.

तिसरा प्रकार ताकोत्सुबो. जपानमध्ये १९९० च्या सुमारास त्याचं वर्णन झालं; हृदयाचा आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. घरातला मृत्यू, अपघाताची बातमी अशा धक्क्यानंतर, पाळी गेलेल्या बायकांमध्ये प्रामुख्याने येतो, आणि ईसीजी-ट्रोपोनिनवर हुबेहूब अटॅकसारखा दिसतो. शिवाय काही जणींत मोठ्या वाहिन्या मोकळ्या असतात पण बारीक वाहिन्या नीट उघडत नाहीत, किंवा वाहिनीला पेटका येतो. अँजिओग्राफीत अडथळा दिसला नाही की 'मनाचं आहे' असं सांगून घरी पाठवलेल्या बायका यातल्याच असतात. ट्रोपोनिन चढलं होतं आणि अँजिओग्राफी मोकळी आली, तर कारण शोधायचं राहिलेलं आहे. तेव्हा हृदयाचा एमआरआय विचारावा.

धोका कुणाला जास्त? २००४ मध्ये ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं की पहिल्या अटॅकचा नव्वद टक्क्यांहून अधिक धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो: तंबाखू, कोलेस्टेरॉलचं असंतुलन, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि मद्य. त्यातही मधुमेह आणि रक्तदाब यांचा फटका बायकांना पुरुषांपेक्षा जास्त बसतो. मधुमेहामुळे पुरुषाचा हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो, बाईचा तिपटीजवळ जातो. पाळी असेपर्यंत मिळणारं संरक्षण मधुमेह जवळजवळ पुसून टाकतो. त्यामुळे 'अजून पाळी चालू आहे' ही मधुमेही बाईची ढाल नाही.

तंबाखूबद्दल विचारताना 'सिगरेट ओढता का?' एवढ्यावर थांबलं तर आपल्याकडच्या बाईंचं उत्तर नेहमी 'नाही' येणार. मिश्री विचारा. भाजलेली तंबाखू सकाळी दातांना लावणं, काही जणींत दिवसातून चार-पाच वेळा, हे तंबाखूचंच सेवन आहे. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. पानातली तंबाखूही तशीच. पस्तिशीनंतर तंबाखूची सवय असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत.

बाळंतपणाचा इतिहास हृदयाच्या केसपेपरवर क्वचित लिहिला जातो, आणि तो लिहिलाच पाहिजे. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिन गेलं असेल, म्हणजे प्रीएक्लॅम्प्शिया झाला असेल, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट. गरोदरपणातली साखर बाळंतपणानंतर उतरली तरी पुढे मधुमेह होण्याची शक्यता अनेक पटींनी वाढलेली राहते. दिवस भरण्याआधी बाळंतपण, वारंवार गर्भपात, चाळिशीच्या आत पाळी जाणं, किंवा पिशवी काढताना अंडाशयही काढलेली असणं, हे सगळं मोजायचं. पिशवीचं ऑपरेशन झालेल्या अनेक बायकांना अंडाशय ठेवली की काढली हे माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधून बघा. पीसीओएस, संधिवात, ल्यूपस आणि डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेलं रेडिएशनही यात येतं. पाळी गेल्यावर केवळ हृदयाच्या रक्षणासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नयेत. तो फायदा २००२ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसला नाही.

घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेला की तो जास्त. घरचा रक्तदाब पाच मिनिटं बसून, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून दोनदा घ्यावा. १३५/८५ च्या वर राहत असेल तर दाखवा. आई किंवा भावंडांत कमी वयात अटॅक असेल तर लिपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. आपल्या लोकांत ती वाढलेली आढळते, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते. साखर आणि रक्तदाब पालिकेच्या 'आपला दवाखान्या'त फुकट तपासून मिळतात.

घरी अटॅकची शंका आली तर क्रम असा. बाईला जमिनीवर किंवा खुर्चीत टेकून बसवा, चालवू नका. १०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. पत्ता सांगताना जवळची ठळक खूण आणि मजला सांगा, एकाला खाली गल्लीच्या तोंडाशी उभं करा. मग ॲस्पिरिन: साधी, ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, चावून. घरात इकोस्प्रिन ७५ असेल तर चार, १५० असेल तर दोन, आणि त्या गिळायच्या नाहीत, कारण बाहेरचं आवरण पोटात विरघळायला वेळ घेतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्ताची उलटी, काळी शौच, तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं असेल तर देऊ नका. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरही स्वतःहून नको. छातीत फाटल्यासारखी, अचानक टोकाची कळ पाठीत गेली असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत ॲस्पिरिन देऊ नका.

सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायचे मेसेज मोबाइलवर फिरत असतात. ती गोळी रक्तदाब खाली आणते. हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल, किंवा घामाने आधीच दाब उतरलेला असेल, तर ती बाईला बेशुद्ध करू शकते. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली नसेल तर शेजाऱ्यांच्या डब्यातली देऊ नका. जोरजोरात खोकत राहण्याचा उपाय तर सोडूनच द्या.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत खुर्चीचा उपयोग करा. हाताची, मजबूत खुर्ची, बाईला चादरीने कमरेला बांधून, दोघांनी उचलून खाली. 'मी उतरते ना' म्हणाल्या तरी ऐकू नका. तीन मजल्यांचे जिने हे त्या हृदयासाठी मोठं ओझं. लोकलमध्ये त्रास झाला तर पुढच्या स्टेशनला उतरून बाकावर बसा आणि स्टेशन मास्तरांना कळवायला सांगा, किंवा १३९ ला फोन करा. पूल ओलांडून रिक्षा पकडायची घाई करू नका.

बाई कोसळली, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी दाब द्या: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा म्हणून लोक उभे राहतात आणि मिनिटं जातात. तळवा छातीच्या मधल्या हाडावर येतो, साडीवरूनही दाबता येतं, मंगळसूत्र बाजूला सारलं की झालं. शॉक देणारं यंत्र आलं तर मात्र ब्लाउज कापून पॅड कोऱ्या त्वचेवर लावावे लागतात.

कोणत्या रुग्णालयात? नुसतं जवळचं नव्हे, तर जिथे चोवीस तास अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी फुग्याने उघडणं) होते त्यांतलं सगळ्यात जवळचं. हा शोध अटॅकच्या रात्री घ्यायचा नसतो. आजच घराजवळच्या दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा: 'रात्री दोन वाजता कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) चालू असते का?' केईएम, सायन, नायर, जेजे इथे हृदयरोग विभाग आहेत. भांडुपहून सायन पूर्व द्रुतगती मार्गाने सोपं पडतं. ईसीजी दारात पाऊल ठेवल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. पूर्ण बंद वाहिनीचा अटॅक असेल तर रुग्णालयात आल्यापासून ९० मिनिटांत वाहिनी उघडणं हे ध्येय. दुसरीकडे नेऊन हे १२० मिनिटांत होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं. काळजी पैशांची असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या आणि योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटा. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारची कमाल मर्यादा आहे, बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी मागा.

दाखल झाल्यावर वजन खरं सांगा, अंदाजे नको. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस किलोवर ठरतो, आणि ४५ किलोच्या बाईला जास्त डोस गेल्याने रक्तस्राव होणं ही टाळता येणारी चूक आहे. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.१ दिसलं म्हणून किडनी ठीक असंही नाही. बारीक अंगाच्या, वयस्क बाईत त्याच आकड्यामागे किडनी बरीच कमी काम करत असते. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, काढायला सांगा.

नंतरचं थोडक्यात. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाहीत; स्टेंट गुठळीने बंद पडण्याचं ते एक नेहमीचं कारण. पाळी चालू असेल आणि रक्तस्राव वाढला तर गोळी सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल हवं असेल तर आधीच सांगा, कारण स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. हरतालिकेचा निर्जळी उपास आणि नवरात्रातले नऊ दिवस हा खरा प्रश्न आहे: 'उपास होता म्हणून गोळ्या घेतल्या नाहीत' असं होतं आणि इन्सुलिन घेणाऱ्या बाईची साखर भलतीच खाली जाते. उपास करायचाच असेल तर पाणी आणि गोळ्या वगळून नको, आणि साबुदाण्याच्या खिचडीची ताटली साखर किती वाढवते ते एकदा मोजून बघा. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं.

आज डॉक्टरांकडे जाताना आईंचा जुना ईसीजी असेल तर घ्या, मग तो दहा वर्षांपूर्वीचा का असेना, कारण नवा बदल तुलनेतच दिसतो. औषधांची पाकिटं पिशवीत टाका. बाळंतपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी कितव्या वर्षी गेली, मिश्री लावतात का, हे एका कागदावर लिहा. आणि 'आईला गॅस होतो' असं सुरू करू नका. म्हणा: 'दोन आठवड्यांपासून दोन मजले चढल्यावर पाठीत आणि जबड्यात दाब येतो, धाप लागते, थांबल्यावर जातो, मधुमेह आहे, नॉर्मल आलेला ईसीजी दुखत नसताना काढलेला आहे.'